टायरचा पिवळा दिवा: दोन गाड्या, दोन दिवस आणि दोन हजार मीटरचा चढ

रस्ता ६४० किलोमीटरचा. निघताना पायथ्याशी २७ अंश, वर मुक्कामाला पहाटे ५ अंश, उंचीतला फरक साधारण २,००० मीटर. या वाटेने जाणाऱ्याला डॅशबोर्डवरचा, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा पिवळा दिवा एकदा तरी दिसण्याची शक्यता बरीच, म्हणून रस्त्यापेक्षा हवेचाच वृत्तांत जास्त.

दोन्ही गाड्यांची हा दिवा लावणारी यंत्रणा वेगळी होती. पहिलीत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला रिमच्या आतून सेन्सर जोडलेला आणि डॅशबोर्डवर चारही आकडे दिसतात. दुसरीत सेन्सर नाहीच. टायरमधली हवा कमी झाली की तो किंचित बसतो आणि तेवढंच अंतर कापायला इतरांपेक्षा जास्त फिरतो. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वेगमापकांवरून गाडी हा फरक हेरते. तुमच्या गाडीत आकडे दिसत नसतील आणि मेनूत टायर ‘सेट’ करण्याची सोय असेल, तर ती बहुधा या दुसऱ्या जातीची. हे आधी ठाऊक असलं की पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन आकडे होते: नेहमीसाठी ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक), भरलेल्या गाडीसाठी ३६. चार माणसं आणि सामान होतं, म्हणून ३६. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरून हवा भरायची नसते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन तास उभी असावी किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली असावी. हवा भरण्याची जागा लांब असेल तर निघण्याआधी जागेवरच मोजून घ्या. समजा ३१ निघाली, म्हणजे ५ कमी. तिथे पोहोचेपर्यंत तोच टायर ३३ दाखवेल. तेव्हा ३६ वर न थांबता ३८ पर्यंत भरा.

हवा भरल्यावर दुसऱ्या गाडीत सेट केलं. ते विसरलं तर गाडी जुन्याच हवेशी तुलना करत राहते. आणि न मोजता सेट केलं तर कमी हवाच तिला ‘बरोबर’ वाटायला लागते. दिवा घालवण्यासाठी ते बटण दाबणारे पुष्कळ आहेत. दिवा जातो, हवा तेवढीच राहते.

हायवेवर ९० किलोमीटरनंतर पहिल्या गाडीत ४० ते ४१ दिसत होतं. इथे हवा सोडायची नाही. टायर तापल्यावर चार-सहा पीएसआय वाढणं धरूनच स्टिकरचा आकडा ठरवलेला असतो. गरम टायरची हवा ३६ वर आणली, तर सकाळी तो ३१ वर सापडेल.

वर पोहोचल्यावरचा प्रकार मजेशीर. थंडीने दाब उतरतो, दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी होतो, २,००० मीटरवर सुमारे ३ पीएसआयने. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक मोजतं, त्यामुळे थंडीने घेतलेलं उंची परत देते. पहाटे हाताच्या गेजवर तीन चाकं ३५ ते ३५.५ होती. डॅशबोर्डवर मात्र तीच चाकं ३२! कित्येक सेन्सर आतला एकूण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीच्या हवेचा ठरावीक आकडा वजा करतात. तुम्ही किती उंचीवर आहात हे त्यांना कळत नाही. डोंगरावर दोन आकडे जुळले नाहीत तर हाताचं गेज खरं मानावं. चांगलं गेज सामानात हवंच.

चौथं चाक, मागचं डावं, डॅशबोर्डवर २६ आणि गेजवर २९ होतं. दिवा लागला तो याच्यामुळे. थंडी चारही चाकांना सारखीच लागते, त्यामुळे चारही सारखे उतरले असतील तर ते हवामान. एकटंच चाक सहा पीएसआयने मागे पडलं तर गळती, मग बाहेर कितीही गारठा असो.

गळती शोधायला बाटलीभर पाण्यात साबणाचे चार थेंब पुरतात. आधी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर पाणी सोडा. तिथे बुडबुडा फुगला तर हवा अडवणारी आतली पिन सैल किंवा खराब. सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी आणि टोपी प्लास्टिकची. साधी पितळी टोपी गंजून अशी घट्ट बसते की काढताना व्हॉल्व्हच तुटतो. मग टायरच्या नक्षीवर पाणी, शेवटी रिमच्या काठावर. इथे नक्षीच्या खाचेत स्क्रूचं झिजलेलं डोकं सापडलं, भोवती बारीक फेस. तो उपटायचा नाही. स्क्रू रात्रभरात सहा-सात पीएसआय सोडतो, त्याचं भोक काही मिनिटांत सगळी. ३६ भरून, दर अर्ध्या तासाने आकडा बघत पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येतं. बाटलीतलं सीलंट टाळलेलं बरं, काही प्रकारांनी सेन्सरचं भोक बुजतं.

दुकानात चाक काढण्याआधी ‘आत सेन्सर आहे’ हे सांगायलाच हवं. टायर रिमवरून सोडवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हजवळ आला की सेन्सर फुटतो. आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावून घेतला तर टिकतो. बाहेरून घातलेली दोरी ही तात्पुरती सोय. कडेला भोक असेल तर दुरुस्ती नाही, टायरच बदलायचा.

तोवर स्टेपनी लावून फिरायचं होतं आणि ती निघाली २४ पीएसआयवर. दिवा स्टेपनीची हवा सहसा सांगत नाही, तेव्हा निघतानाच ती मोजावी. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिला बहुतेक ६० पीएसआय लागतात आणि वेगमर्यादा ८० असते. दोन्ही तिच्यावरच छापलेलं असतं. या स्टेपनीत सेन्सर नव्हता, त्यामुळे थोडं चालल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर राहिला. लुकलुकणं म्हणजे यंत्रणेचा बिघाड, हवेचा नव्हे. स्टेपनी लावलेली नसतानाही गाडी सुरू करताना रोज असं होत असेल तर सेन्सरची बॅटरी संपत आलेली असते. ती पाच ते दहा वर्षं चालते आणि संपल्यावर बहुतेकदा सेन्सरच बदलावा लागतो. मूळ चाक परत बसवल्यावर दिवा लगेच जात नाही. उभ्या गाडीत सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो. ३० किलोमीटरच्या वर वेग ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर तो गेला.

दुसऱ्या गाडीचा दिवा उतारावर, ओल्या खडीच्या पट्ट्यात लागला. थांबून मोजलं: चारही चाकं ३८ ते ३९. खडीवर चाकं घसरली की फेऱ्यांचा हिशेब चुकतो आणि या यंत्रणेची फसगत होते. चारही टायरांतली हवा महिन्याला एक-दोन पीएसआय सारखीच उतरत गेली, तर मात्र ती सहसा गप्प बसते. खडीवर सेट केलं नाही, कारण टायर गरम होते. मुक्कामी पोहोचून, दुसऱ्या सकाळी थंड टायरमध्ये ३६ बघूनच केलं.