सहा वाजायच्या आत

डॅलसच्या उत्तरेला, कोर्टाच्या इमारतीपासून दोन चौकांवर एक छोटं वकिली ऑफिस आहे. तिथे मी पॅरालीगल म्हणून, म्हणजे वकिलाची कायद्याच्या कामातली मदतनीस म्हणून काम करते. मृत्युपत्रं, वारसाहक्क, घरांचे व्यवहार. ऑफिस एकाच माणसाचं. त्यांना सगळे पहिल्या नावानं हाक मारतात, मीसुद्धा. पण मराठीत लिहायला बसलं की 'साहेब'च येतं, तेच राहू दे. काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, नाव मुद्दाम देत नाही.

साहेब पक्के रिपब्लिकन. कायद्यात जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायचं, न्यायाधीशांनी पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा हेका. आमची मतं जुळत नाहीत. बंदुका आणि गर्भपात हे दोन विषय ऑफिसात निघत नाहीत. बाकी सगळ्यावर वाद होतो आणि तो रंगतोही.

2023 साली त्यांच्या डोक्यात काउंटी कमिशनर व्हायचं आलं. टेक्सासात 254 काउंट्या. प्रत्येकीचा कारभार 'कमिशनर्स कोर्ट' बघतं: चार कमिशनर आणि वर काउंटी जज. तिथे खटले नाही, रस्ते, तुरुंगाचा खर्च, शेरीफचं बजेट आणि मालमत्ता कराचा दर ठरतो. राज्याचा आयकर नाही, त्यामुळे लोकांचा सगळा राग त्या मालमत्ता करावर. साहेबांचा प्रचारही त्यावरच होता. पण भरल्या सभेत ते सांगून मोकळे व्हायचे की बिलातला मोठा वाटा शाळांचा असतो, काउंटीचा नव्हे. कुणी म्हणालं अपार्टमेंटं थांबवा, कुणी सीमेवरच्या घुसखोरीचं काढलं, की उत्तर ठरलेलं: काउंटीला राज्यानं दिलेत तेवढेच अधिकार, हे त्यात बसत नाही. अशानं कोण मत देणार, असं मी तोंडावर म्हटलं होतं.

अर्ज भरायची शेवटची तारीख 11 डिसेंबर, सोमवार, संध्याकाळी सहा. मार्चमधल्या प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी, अर्ज सरकारी कचेरीत नाही, पक्षाच्या काउंटी अध्यक्षाकडे द्यायचा असतो. सोबत 1,250 डॉलर. अशिलांना 'शेवटच्या दिवसावर ठेवू नका' म्हणून ओरडणारा हा माणूस स्वतः मात्र शेवटच्या दिवशी निघाला. समोर कोण कोण उभं राहतंय ते आधी बघायचं होतं म्हणे.

सकाळीच प्रचारातल्या एका उत्साही गृहस्थांनी मतपत्रिकेवर नावासोबत टोपणनाव छापायची टूम काढली. करकपात सुचवणारं काहीतरी. साहेबांनी निवडणूक कायदा उघडून पुढे सरकवला: टोपणनाव एकच शब्द, दहा अक्षरांच्या आत, तीन वर्षं लोक त्या नावानं ओळखत असले पाहिजेत आणि त्यात घोषणा किंवा राजकीय मत चालत नाही. गृहस्थ हिरमुसले.

अकराच्या सुमारास आमचे एक मराठी अशील आले. नवरा-बायको दोघंही एच-वन-बीवर, मुलं लहान, म्हणून मृत्युपत्र करायला घेतलेलं. सही करून झाल्यावर त्यांनी खिशातून चेक काढला. 251 डॉलर, साहेबांच्या निवडणुकीला. वरचा एक डॉलर का, ते मी साहेबांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं, पण चेक काही घेतला नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी काउंटीच्यासुद्धा, एक सेंटही देता येत नाही.

"अहो ताई, मी घराचा कर भरतो की! त्याच कराबद्दल बोलतायत ना हे?" अशील मला मराठीत म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. मी तो इंग्रजीत साहेबांपुढे ठेवला. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चेक परत त्यांच्या हातात दिला. ग्रीन कार्डवाल्यांना वर्गणी देता येते, म्हणजे मला देता आली असती. मी दिली नाही. ज्याच्याकडून पगार घ्यायचा त्यालाच वर्गणी कसली द्यायची?

अर्जावर उमेदवाराला शपथ घ्यावी लागते, म्हणजे नोटरी हवा. ऑफिसातली नोटरी मी. पुण्यात शिवाजीनगर कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेले नोटरी मी लहानपणापासून बघितलेत. आपल्याकडे त्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. इथे मी नोटरी झाले तेव्हा अठरा वर्षं पूर्ण, गंभीर गुन्ह्यात शिक्षा नाही, दहा हजार डॉलरचा बाँड (हमीपत्र), एवढ्यावर भागायचं. पण साहेबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, मी नागरिक नाही, मला कसं चालेल?

तेव्हा त्यांनी बर्नाल विरुद्ध फेन्टर हा खटला सांगितला. टेक्सासात नोटरी व्हायला नागरिकत्वाची अट होती. मेक्सिकोत जन्मलेला, ग्रीन कार्डवर असलेला एक पॅरालीगल थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1984 मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी ती अट उडाली. निकाल न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांचा. त्यात त्यांनी चिमटाही काढलाय की राज्याच्या ज्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या हाताखाली हे नोटरी येतात, त्याला स्वतःला नागरिकत्वाची अट नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती रेनक्विस्ट.

"आणि रेनक्विस्ट बरोबर होते," साहेब म्हणाले होते. राज्यानं कुणाला नोटरी करावं हे राज्याचं राज्यानं ठरवावं, असं त्यांचं मत. हे बोलता बोलताच त्यांनी माझ्या अर्जाच्या फीचा आणि बाँडचा चेक लिहिला.

त्या दुपारी दार लावून घेऊन ते माझ्या टेबलापुढे उभे राहिले. मी शिक्का काढला. बहुतेक ठिकाणी नोटरी 'इथे सही' म्हणतो आणि पुढचं पान उलटतो. ह्यांनी उजवा हात वर केला आणि वाट बघत राहिले. मग मीही उभी राहिले आणि शपथ मोठ्यानं वाचली: अमेरिकेच्या आणि टेक्सासच्या राज्यघटनेचं समर्थन आणि रक्षण करीन वगैरे. ज्या देशात मला मत नाही, तिथल्या उमेदवाराला मी शपथ देत होते, आणि तो उमेदवार मनातून मला हा अधिकार नसावा म्हणणारा. मला हसू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

साडेचारला आम्ही पक्षाच्या ऑफिसात पोचलो. अध्यक्षांनी अर्जाची ओळ न् ओळ तपासून पावती दिली. निघायला हरकत नव्हती, पण साहेबांना सहापर्यंत थांबून बघायचं होतं.

सहाला पंधरा मिनिटं असताना एक धिप्पाड कंत्राटदार धापा टाकत आत आला. त्याच जागेसाठी. अर्ज भरलेला, सही केलेली, नोटरीची चौकट कोरी. ऑफिसात दिवसभर बसलेल्या नोटरीबाई ताप आल्यामुळे चारला घरी गेल्या होत्या. अर्ज असाच घेतला तर बाद, आणि सहानंतर दुरुस्ती नाही.

"इथे कुणी नोटरी आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

शिक्का माझ्या पर्समध्ये होता. साहेब खिडकीशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, खरं सांगायचं तर मुद्दामच. शिक्क्यावर टेक्सासचा तारा असतो, आमच्या ऑफिसचं नाव नसतं. मी हात वर केला.

घरून करून आणलेली सही मला चालणार नव्हती, ती माझ्यासमोरच व्हायला हवी. कोरा अर्ज मागवला. त्याच्या बायकोनं पत्ता, मतदारसंघाचा क्रमांक, टेक्सासात किती वर्षं राहतो ते एकेक वाचून दाखवलं, त्यानं लिहिलं. बोटं जाड, रकाने बारीक. लायसन्स बघितलं, हात वर करायला लावला, शपथ वाचली, सही, शिक्का, वहीत नोंद. माझ्या वहीत एकाच जागेचे दोन उमेदवार एकाखाली एक. अध्यक्षांनी पावतीवर वेळ घातली, पाच छप्पन्न.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

"लायसन्स नीट बघितलंत?"

"बघितलं."

"शपथ मोठ्यानं दिलीत?"

"तुम्हाला दिली तशीच."

पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, "तुमचा हात एरवी इतका भरभर चालत नाही." चेष्टा होती की नव्हती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

5 मार्च 2024 ला प्रायमरी झाली. तिरंगी लढतीत आधीचेच कमिशनर पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन पक्षाची उमेदवारी जिंकले. साहेब दुसरे, कंत्राटदार तिसरा. प्रचारातली मंडळी म्हणत होती की त्यानं आमची मतं खाल्ली. बुधवारी सकाळी साहेब नेहमीच्या वेळेला ऑफिसात हजर, आणि 251 डॉलरवाल्यांचं मृत्युपत्र फाइलला लागलं का, एवढंच विचारलं.

मला वाटलं होतं, त्या संध्याकाळचा विषय ते पुन्हा काढणार नाहीत. झालं उलटंच. वकील संघटनेच्या जेवणात, चर्चमध्ये, नव्या अशिलांसमोरसुद्धा ते मला पुढे करून तो किस्सा सांगतात. हल्ली त्यात मी शिक्का मारते तेव्हा सहाला दहा सेकंद बाकी असतात.