न्यूमोनियावरचा प्रबंध आणि वॉर्डातून येणारी डबी

एमडी मायक्रोबायोलॉजीला प्रबंधाचा विषय घेतला कम्युनिटी अ‍ॅक्वायर्ड न्यूमोनियाचा, म्हणजे हॉस्पिटलबाहेर झालेल्या न्यूमोनियाचा. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, मराठीतलं संमतीपत्र हे सगळं रीतसर झालं, त्यावर शब्द खर्च करत नाही. घोडं अडलं ते वॉर्डातून येणाऱ्या बेडक्याच्या डबीपाशी. लेबल व्यवस्थित, फॉर्म भरलेला, आणि आत फेसाळ लाळ.

लाळ की बेडका, हे नुसत्या नजरेवर सोडू नका. डबीतला पिवळट-हिरवा, चिकट भाग शोधून लूपने उचला, ग्रॅम स्टेन करा (जंतू जांभळे की गुलाबी हे दाखवणारी रंगवण्याची पद्धत) आणि आधी १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. एका फील्डमध्ये चपट्या एपिथेलियल पेशी १०पेक्षा कमी आणि पू-पेशी २५च्या वर असतील तर नमुना उत्तम. एपिथेलियल पेशीच २५च्या वर असतील तर ती लाळ. कल्चर (जंतू प्लेटवर वाढवणं) लावायचं नाही, नवा नमुना मागवायचा. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात मात्र पू-पेशी नाहीत म्हणून नमुना फेकू नका.

नमुना परत पाठवला की वॉर्डातून ठरलेला फोन: "कल्चर लावायला तुमचं काय जातं?" आमचं काही जात नाही, रुग्णाचं जातं. आजारी माणसाच्या घशात क्लेब्सिएला नावाचा जंतू ठाण मांडून बसलेला असू शकतो. लाळेतून तो मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत, भरघोस उगवतो. रिपोर्टवर नाव छापून जातं आणि मूळचा न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू) असलेल्या रुग्णाला मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक चालू होतं. स्मिअरमध्ये (काचेवर रंगवलेल्या नमुन्यात) पू-पेशींच्या जोडीला जे दिसलं नाही, ते प्लेटवर उगवलं तरी जपूनच कळवावं.

दुसरी अडचण वेळेची. मामा (वॉर्डबॉय) राउंड झाल्यावर सगळ्या डब्या एकदम आणतात, रात्रीच्या डब्या सकाळपर्यंत खिडकीत पडून. बेडका २ तासांच्या आत प्लेटवर जायला हवा. न्यूमोकोकस स्वतःच्याच एन्झाइमने विरघळतो, आणि तोंडातले बाकीचे जंतू तोवर वाढून बसतात. एरवी जांभळा दिसणारा न्यूमोकोकस मरायला टेकला की ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबीही दिसू शकतो, त्यामुळे तिथेही फसगत होते.

आणि सगळ्यात मोठा घोळ: सेफ्ट्रिअक्झोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस पडून गेल्यावर घेतलेला नमुना. कॅज्युअल्टीत डोस लवकर देतात ते बरोबरच आहे, तो आपल्या प्रबंधासाठी थांबवायचा नाही. म्हणून मी डब्या वॉर्डातून काढून थेट कॅज्युअल्टीत, सेफ्ट्रिअक्झोनच्या ट्रेमध्येच ठेवल्या आणि सांगून ठेवलं, "सिस्टर, व्हायल फोडायच्या आधी डबी द्या." परिपत्रकाने जे झालं नाही ते या एका गोष्टीने झालं.

रुग्णाला काय सांगायचं: कवळी असेल तर काढा, साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या, मग छातीतून खाकरून काढा. २-३ मिली पुरतो. बेडका सुटतच नसेल तर ३ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन, पण आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, नाहीतर श्वासनळ्या आवळतात. हे हवेशीर जागीच करा, समोरच्याला टीबी असू शकतो. त्यावरून आठवलं: सीबीनॅटसाठी (टीबीची जनुकीय चाचणी) वेगळी डबी घ्या. एकच घेतली तर ती टीबीच्या लॅबमध्ये अडकते. आणि टीबीची शंका मिटेपर्यंत लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक नको. त्याने टीबीचा रुग्ण थोडा सुधारतो आणि निदान लांबतं.

ब्लड कल्चरही डोसच्या आधीच. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८-१० मिली रक्त, दोन वेगवेगळ्या जागांहून. २ मिली टाकून आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टला फारसा अर्थ नाही. डोस पडूनच गेला असेल तर लघवीतली न्यूमोकोकल अँटिजेन टेस्ट कामी येते; लहान मुलांत मात्र नाक-घशातल्या जंतूंमुळेही ती पॉझिटिव्ह येते.

ब्लड अगार (जंतू वाढवायची रक्त घातलेली प्लेट) मेंढीच्या रक्ताचाच हवा, ५ टक्के. ब्लड बँकेतल्या मुदत संपलेल्या पिशवीवर काम भागवायचा मोह होतो, पण त्यावर हिमोलिसिस (जंतूंनी तांबड्या पेशी फोडल्याची खूण) नीट वाचता येत नाही. शिवाय दात्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी आणि औषधं वाढ रोखतात. कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर नसेल तर कॅन्डल जार (आत मेणबत्ती पेटवून झाकण लावलेली बरणी) चालतो. दुसऱ्या दिवशी हिरवट कडेच्या, मध्ये खोलगट, कॅरमच्या सोंगटीसारख्या कॉलनी दिसल्या की ऑप्टोचिनची डिस्क (न्यूमोकोकस ओळखायची औषधी चकती) लावा. ६ मिमीच्या डिस्कभोवती १४ मिमी किंवा जास्त झोन (वाढ न झालेलं वर्तुळ) म्हणजे न्यूमोकोकस. झोन ७ ते १३ असेल तर बाइल सॉल्युबिलिटी (पित्तक्षारात जंतू विरघळतो का, ही चाचणी) केल्याशिवाय नाव लिहू नका.

पेनिसिलिनसाठी १ मायक्रोग्रॅमची ऑक्सॅसिलिन डिस्क. झोन २० मिमी किंवा वर आला तर पेनिसिलिन चालतं. कमी आला म्हणून लगेच 'रेझिस्टंट' लिहायचं नाही, एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढायची. मेनिंजायटिस नसेल तर शिरेतून द्यायच्या पेनिसिलिनसाठी मिलीला २ मायक्रोग्रॅमपर्यंत तो सेन्सिटिव्हच धरतात.