तुम्ही विचारलंत म्हणून: वजन उतरवायचं ऑपरेशन आणि घरी आल्यानंतरचे दिवस

"वजनाचं ऑपरेशन करून घेऊ का? त्यातलं कुठलं चांगलं? आणि नंतर काही होत नाही ना?" तिन्ही प्रश्न एका दमात येतात. विचारणाऱ्यासोबत एखादी मावशी नाहीतर मेहुणा असतोच, आणि त्यांच्या ओळखीत कुणाचं तरी 'बिघडलेलं' असतं. म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. होतं. जिवावर बेतण्याचं प्रमाण कमी आहे, हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. पण त्रास व्हायचाच असेल तर त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि त्यातल्या बहुतेक तुम्ही पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून घरी परतल्यानंतरच्या. त्यामुळे मी उलटा प्रश्न विचारते: रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं तर इथे सोलापुरात तुम्हाला कोण बघणार? याचं उत्तर हातात असेल तरच 'कुठलं ऑपरेशन' यावर बोलण्यात अर्थ आहे.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. उंची 160 सेंटीमीटर, म्हणजे सव्वापाच फूट धरा. आपल्याकडे ऑपरेशनसाठी बरीच वर्षं बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 37.5, आणि मधुमेह किंवा बीपी सोबत असेल तर 32.5, असा हिशेब चालत आला. या उंचीला ते 96 आणि 83 किलो होतात. 2022 मध्ये या शाखेतल्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची आणि एक जागतिक, आशियाई लोकांसाठी आकडा 27.5 वर, म्हणजे 70 किलोवर आणला. 70 किलोच्या माणसाला लगेच टेबलावर घ्यावं असं मला वाटत नाही. नव्या आकड्याचा खरा उपयोग औषधांनी साखर ताळ्यावर येत नाही अशांना. विम्याचा आकडा आणखी वेगळा: बीएमआय 40, किंवा अनियंत्रित मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार असं काही असेल तर 35, वय किमान 18 आणि साधे उपाय करून फसल्याचा पुरावा. शिवाय पॉलिसीचा प्रतीक्षा काळ. 2025 पासून टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात वजनासाठी मिळतात. ती थांबवली की वजन परत चढू लागतं, एवढं मात्र आधी ऐकून घ्या.

आता ऑपरेशनं. स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, साधारण 75 ते 80 टक्के, स्टेपलरने कापून बाहेर काढतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी, त्यात मावतं 100 ते 150 मिली. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. आतड्याला हात लागत नाही, पण कापलेलं जठर परतही मिळत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी 30 मिलीच्या आसपासची पिशवी करतात आणि लहान आतडं कापून तिला आणून जोडतात, जोड दोन. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट, जोड एकच, आणि साधारण दीड ते दोन मीटर आतड्याला अन्न शिवतच नाही. फुगा हे ऑपरेशन नव्हे. एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, आत सोडून त्यात 500 ते 700 मिली सलाईन आणि थोडा निळा रंग भरतात. लघवी हिरवी-निळी झाली की फुगा गळतोय हे घरबसल्या कळतं. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी काढावेच लागतात.

निवड कशी होते? आंबट ढेकर, रात्री झोपल्यावर घशाशी येणं हा ज्यांचा जुना आजार आहे त्यांनी स्लीव्हच्या वाटेला जाऊ नये. नळी अरुंद, आतला दाब जास्त, त्यामुळे जळजळ वाढते. पूर्वी नव्हती त्यांनाही सुरू होते. अशांना दोन जोडांचा बायपास बरा. उलट संधिवातासाठी रोज डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक घेणाऱ्यांनी आणि मिश्री, मावा, विडी न सुटणाऱ्यांनी बायपासचा हट्ट धरू नये. जोडाजवळ अल्सर होतो, तो फुटतोही. इथे मिश्रीचं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. "तंबाखू खात नाही हो, नुसती दाताला लावते," असं उत्तर येतं. निकोटीन शरीरात जायला तेवढी पुरते. ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी बंद, आणि पुन्हा सुरू नाही. दरवर्षी तपासणीला यायला जमणारच नाही, असं आत्ताच ठाऊक असलेल्यांनी मिनी बायपास करून घेऊ नये, हे माझं ठाम मत. त्यात जीवनसत्त्वांची उणीव सगळ्यात जास्त पडते, आणि पित्त उलटं चढण्याची तक्रारही त्यातलीच.

कोटेशन घेताना स्टेपलरच्या कार्ट्रिज (पिना भरलेल्या पट्ट्या) किती धरल्यात ते विचारा. स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात. पॅकेजमध्ये चार धरलेल्या असल्या की बिलाच्या दिवशी वाद.

आधीचे दोन आठवडे कमी पिठूळ, जास्त प्रथिनांचा आहार देतात. तो वजन उतरवायला नाही. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर पांघरुणासारखं पसरलेलं असतं. ते आक्रसलं की दुर्बिणीला जागा मिळते. 'शेवटचं म्हणून' आदल्या आठवड्यात शीक कबाब आणि शेंगापोळीवर ताव मारला तर सर्जनला ते आत गेल्यावर दिसतं.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच चालवतात, पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन टोचतात, पायात घट्ट मोजे. हे सगळं पायातल्या शिरांमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. पुण्याहून परतताना गाडीत अडीचशे किलोमीटर पाय दुमडून बसणं यात बसत नाही. दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला, किंवा रेल्वेने या; डब्यात निदान फिरता येतं. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा एकाएकी धाप, ही वाट बघण्याची लक्षणं नाहीत.

आणि मग लीक. स्टेपलरच्या शिवणीतून आतलं पोटात झिरपणं. स्लीव्हमध्ये शंभरात एक-दोघांना होतं, बहुतेकदा वरच्या टोकाशी, अन्ननलिका जठराला मिळते तिथे. त्या जागी रक्तपुरवठा तोकडा, आणि खाली नळी कुठे पिळवटली किंवा अरुंद झाली असेल तर सगळा दाब वर येतो. डिस्चार्ज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतो. लीक पाचव्या, सातव्या, कधी दहाव्या दिवशी तोंड दाखवतं. पोट दगडासारखं कडक होईल म्हणून थांबू नका, जाड माणसात ते बहुतेकदा होतच नाही. पहिली बोलते ती नाडी. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, सकाळ-संध्याकाळ, वहीत लिहा. स्वस्थ पडलेलं असताना 120 च्या वर टिकून राहिली, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते लीकच समजायचं. जोडीला ताप 100.4 च्या वर, डाव्या खांद्यात कळ, जीव घाबरा होणं. याला 'गॅस धरलाय' म्हणून ओवा-हिंग देत बसलं की तो दिवस हातचा गेला. सीटी स्कॅन सोलापुरात होतो. तो लगेच करून ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवायचा. लवकर सापडलेलं लीक साचलेलं बाहेर काढणारी नळी घालून, स्टेंट (आतून जागा झाकणारी जाळीची नळी) टाकून, तोंडाने काही न देता भरतं. मात्र त्याला आठवडे लागतात, कधी महिने.

तोपर्यंत दुसरी लढाई पाण्याची. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे आणि तुम्हाला घोटाहून जास्त गिळता येत नाही. खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण घ्या. दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे तासाला 120 मिली, आणि जागेपणीच्या तेरा-चौदा तासांत दीड लिटरच्या वर. लघवी गडद, उठल्यावर अंधारी, म्हणजे कमी पडतंय. तारीख हातात असेल तर मी उन्हाळा टाळायला सांगते.

उलट्यांचं मात्र नीट ऐका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणी घाई करून भाकरीचा घास न चावता गिळतो, किंवा स्लीव्ह मधेच अरुंद झालेली असते, आणि उलट्या थांबत नाहीत. जवळच्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय' म्हणून ग्लुकोजची बाटली चढते. बी-1, म्हणजे थायमिन, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतंच साठलेलं असतं. ते संपत आलेलं असताना ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही त्यात जळतं. मग एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं. उशीर झाला तर स्मृती कायमची जाते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. हा क्रम बदलायचा नाही. हे तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना उलट्या सुरू व्हायच्या आधी माहीत असायला हवं, कारण बाटली तेच लावणार आहेत.

खाण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरचं. आपल्याकडे मऊ म्हटलं की ज्वारीच्या कण्या ताकात, मुगाचं घट्ट वरण, कुस्करलेलं पनीर. कडक भाकरी आमटीत भिजवली तरी दोन महिन्यांनंतरच. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. रोज 60 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि शाकाहारी घरात इथेच गाडं अडतं. 400 मिली दूध 13 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीर 9, दोन वाट्या वरण 12. झाले 34. उरलेले 26 म्हणजे साधारण व्हे पावडरीचा (दुधाच्या निवळीतली प्रथिनं) डब्यातल्या मापाचा एक चमचा, आणि पर्याय शोधत बसण्यापेक्षा तो घेतलेला बरा. "शेंगाच्या चटणीत प्रोटीन असतंय की," हे मला प्रत्येक घरात ऐकावं लागतं. असतं, 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम. सोबत साडेपाचशेहून जास्त कॅलरी. ती चटणी अरुंद नळीतूनही सरकन उतरते, आणि दीड-दोन वर्षांनी वजन परत चढायला लागतं तेव्हा ताटात बहुधा तीच सापडते. चटणी, फरसाण, गोड चहा. बायपासवाल्यांना शेंगापोळीने किंवा उसाच्या रसाने पाऊण तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा. त्याला डम्पिंग म्हणतात. गोड बंद, एवढाच इलाज. एकादशीचा साबुदाणा शिजून चिकट गोळा होतो आणि प्रथिनं जवळपास शून्य. निदान पहिलं वर्ष विठोबा समजून घेईल.

मधुमेहाच्या गोळ्या जुन्याच चिठ्ठीने चालू ठेवू नका. साखर पहिल्या आठवड्यातच उतरते. ग्लिमेपिराइड तसंच चालू राहिलं तर ती धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच बंद करतात, कारण उपाशीपोटी तिने रक्तात आम्ल साचतं. बीपीचीही मात्रा कमी करावी लागते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीने गळतात. घाबरू नका, तेलही बदलू नका. प्रथिनं आणि लोह पुरेसं असेल तर वर्षभरात परत येतात. वेगाने वजन उतरताना पित्तखडे धरतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी. बायपासनंतर वर्षभराने, चांगलं वजन उतरल्यावर, जेवणानंतर पोटात येऊन-जाऊन कळ येते तिला हलकं घेऊ नका. आतली चरबी वितळून आतड्यांच्या पडद्यात फटी मोकळ्या होतात, त्यात आतडं अडकतं आणि पिळतं. कळ थांबली की स्कॅनही कधी साफ येतो. इथे सर्जनने 'बायपास झालेला आहे' हे डोक्यात ठेवून बघणं महत्त्वाचं. अंगदुखीला पॅरासिटामॉल, बाकी वेदनाशामक नाही.

गोळ्या आयुष्यभर. बी-12 महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन किंवा रोजची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, डी, लोह. कॅल्शियम सायट्रेट 500 मिलिग्रॅम तीनदा. साधं कार्बोनेट नको, त्याला आम्ल लागतं आणि तेच कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. पायाला मुंग्या सुरू झाल्यावर बी-12 तपासणं म्हणजे दोन वर्षांची गोळी चुकलेली.

एक प्रश्न आईच विचारते, मुलीला बाहेर बसवून: "लग्नाआधी उरकून घेऊ का?" मुलीला आत बोलवा, निर्णय तिचा आहे. आणि हिशेब असा: ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा नको, पोटातल्या बाळाला उपाशी आईच्या वाट्यातलं मिळतं. पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी वजन उतरताच सुधारते, म्हणजे दिवस राहण्याची शक्यता अपेक्षेपेक्षा लवकर येते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जाण्याचा भरवसा नाही. तांबी किंवा दुसरा उपाय आधी ठरवावा. वजन किती उतरेल? 110 किलोची मुलगी वर्ष-दीड वर्षात साधारण 80 च्या आसपास येते. 55 ची नाही. दंडाची, पोटाची कातडी लोंबते, हेही स्थळ बघण्याआधी तिला माहीत असू द्या.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट्सची प्रत मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. आतडं किती सेंटीमीटर वळवलं ते त्यात असतं. मग एका जाड कागदावर लिहा: ऑपरेशनचं नाव आणि तारीख, सर्जनचा रात्री उचलला जाणारा नंबर, "नाकातून नळी डोळे झाकून घालू नये", "ग्लुकोजआधी थायमिन", "पॅरासिटामॉल सोडून वेदनाशामक नको". एक प्रत पाकिटात, एक गल्लीतल्या डॉक्टरांकडे, आणि एक फ्रीजवर, जिथे ती मावशीला आणि मेहुण्यालाही दिसेल.