पाच लाखांचा फुटपाथ: अर्जापासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना थेट कामं सुचवता येतात. ही सोय २००६ पासून आहे, आणि एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. आमच्या गल्लीतला ९० मीटर फुटपाथ आम्ही याच वाटेने करून घेतला. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, मंजूर काम पुढच्या आर्थिक वर्षात होतं. म्हणजे अर्ज आणि पहिली कुदळ यांत बरेच महिने जातात. ते नुसते वाट बघण्यात घालवू नका. फुटपाथ चालण्याजोगा होणार की नाही, हे याच काळात एस्टिमेटच्या कागदावर ठरतं.

अर्जात ‘फुटपाथ दुरुस्त करावा’ एवढंच लिहिलं तर जुने ब्लॉक निघून नवे बसतात आणि अडथळे जिथल्या तिथे राहतात. म्हणून आधी मोजा. १.८ मीटरचा बांबू आडवा धरून दोघांनी चालायचं. बांबू अडेल तिथे खडूची खूण, फोटो आणि वहीत नोंद. १.८ मीटर हा आकडा आयआरसी १०३ या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) पादचारी सुविधांच्या मानकातला आहे. निवासी भागात निदान तेवढी रुंदी मोकळी हवी. एकूण नव्हे, मोकळी. आमचा फुटपाथ अडीच मीटरचा, तरी बांबू अकरा ठिकाणी अडला.

प्रत्येक अडथळ्यापुढे तो कोणाचा हेही लिहा. जाहिरातीचा खांब, दुकानाची पायरी, उभ्या स्कूटर एकवेळ हलतात. महावितरणचा फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी) हलवायचा तर खर्च वेगळा, मंजुरी वेगळी. तो पाच लाखांत कोंबायला गेलात की सगळंच काम लटकतं. आम्ही पिलर तिथेच राहू दिला आणि तेवढ्या भागात फुटपाथ पार्किंगच्या पट्ट्यात पुढे काढायला सुचवलं. एका मोटारीची जागा गेली. असा वाद अर्जाआधीच मिटवून शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, काम सुरू झाल्यावर तो निघाला तर मुकादम हात आखडता घेतो. आता अर्ज करणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२५ च्या आदेशाचाही उल्लेख करावा: वापरण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या हक्काचा भाग आहे.

उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांब उतार लागतो. उंची ३०० केली की ३.६ मीटर, आणि तेवढी जागा कोपऱ्यावर नसतेच. मग उतार आखूड आणि उभा होतो, कोणाच्याच कामाचा राहत नाही. सोसायटीच्या गेटसमोर फुटपाथ खाली आणायचा नाही. गाडीने वर चढायचं. गाडीचा उतार रस्त्याकडच्या ७० सेंटीमीटरच्या पट्ट्यातच संपवायचा, म्हणजे आतले १.८ मीटर सपाट राहतात. आमच्याकडे सात गेटं आहेत. सात वेळा चढ-उतार करण्यापेक्षा गुडघे दुखणारी माणसं सरळ रस्त्यावरून चालतात, ते आम्ही रोज बघत होतो. गेटसमोर ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घ्या, इतरत्र ६० पुरतात.

सगळ्यात जास्त लक्ष झाडांवर द्यावं लागलं. ब्लॉकचं बिल चौरस मीटरवर निघतं, त्यामुळे ब्लॉक खोडाला टेकेपर्यंत बसवले जातात. म्हणून एस्टिमेटमध्येच झाडांचं क्षेत्रफळ वजा करून ‘आळं करणे’ ही वेगळी बाब घालून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी बुंध्यापासून एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अरुंद फुटपाथवर तेवढी जागा निघत नाही; आम्ही १ बाय १ मीटरचा चौकोन धरला. तिथे चालायला दीड मीटरच उरतो, आणि करंजाच्या सावलीसाठी ही तडजोड आम्हाला मान्य आहे. जुनं काँक्रीट छिन्नी-हातोड्यानेच काढायचं, हेही लिहून घ्या. पहिल्या झाडाला काँक्रीट फोडायचा यांत्रिक ब्रेकर लागलाच: मनगटाएवढ्या मुळाची साल हातभर सोलली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं. बाकीच्या तीन झाडांपाशी आम्ही उभे राहिलो. आळ्यातली माती ब्लॉकच्या पातळीपेक्षा ५ सेंटीमीटर खाली ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत उतरेल. बुंध्यावर माती चढवू नका, साल कुजते.

बोलार्डमधलं, म्हणजे मोटारी फुटपाथवर चढू नयेत म्हणून रोवलेल्या बुटक्या खांबांमधलं, अंतर १.२ मीटर मोकळं हवं. मिस्त्रीने ते खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं. १५ सेंटीमीटर जाडीच्या खांबांत १.०५ मीटरच उरले. ड्रॉइंगवर ‘मोकळं’ हा शब्द नव्हता, आणि काँक्रीट ओलं असतानाच टेप लावला म्हणून खांब सरकवता आले. बोलार्डने मोटारी थांबतात. व्हीलचेअर जाईल तिथून दुचाकीही जाते.

सायकलवाल्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पावसाळी चेंबरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असाव्यात. रस्त्याच्या दिशेने असल्या की पातळ टायर फटीत बसतो आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. आमच्या दोन जाळ्या काढून फिरवून बसवल्या. खर्च काहीच नाही.

ब्लॉक बसले की बादलीभर पाणी ओता. ५० ला १ असा उतार असेल तर ते रस्त्याकडे पळतं. भिंतीकडे वळलं किंवा साचलं तर बिल निघण्याआधी लेखी कळवा. कार्यारंभ आदेश, एस्टिमेट आणि मोजमाप पुस्तकाची प्रत माहिती अधिकारात मागता येते: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत, याच कागदांत शोधा आणि तारीख लिहून ठेवा.

ठेकेदाराकडून त्याच साच्याचे चाळीस जादा ब्लॉक घेऊन आम्ही गेटच्या आत रचून ठेवले होते. आठ महिन्यांनी केबलसाठी चर खणला गेला. माती १५ सेंटीमीटरच्या थरांनी ठोकून घेतली, फुटलेले सव्वीस ब्लॉक त्यातूनच बदलले. चौदा शिल्लक आहेत.