सोळा इंचांच्या आत

पोकळ अंगाची जॅझ गिटार, म्हणजे जिला आर्चटॉप म्हणतात ती, मांडीवर घेतली की पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, उजव्या कोपराचा असतो. वरची फळी व्हायोलिनसारखी मध्ये फुगलेली, दोन्ही बाजूंना एफ अक्षराच्या वळणाची भोके, तारा उंच घोडीवरून उतरून मागच्या धातूच्या पट्टीत अडकलेल्या आणि अंगाची जाडी तीन-साडेतीन इंच. असे हे वाद्य पोटाशी धरायचे आणि त्याच्या काठावरून हात पलीकडे टाकून तारांपर्यंत पोहोचायचे. अंग मोठे असेल तर खांदा नकळत वर चढतो, मनगट वाकते आणि तासाभराने मानेची एखादी शीर कुरकुरू लागते. गिटार घेण्याविषयी बोलताना आम्ही सगळे लाकूड, पिकअप (तारांची थरथर टिपून स्पीकरकडे पाठवणारा भाग) आणि तारांची जाडी यांवर तावातावाने वाद घालतो. पण माझे मत विचाराल तर आर्चटॉपची निवड कोपर आणि बरगड्या करतात, आणि कान त्या निवडीवर नंतर सही करतो.

या कुळात लहान कोणाला म्हणावे, हे काळानुसार बदलत गेले आहे. मिशिगनमधल्या कॅलमाझू येथील गिब्सन कंपनीने लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एल-५ नावाची आर्चटॉप आणली, तेव्हा तिची रुंदी १६ इंच होती आणि ती चांगली ऐसपैस गिटार मानली जाई. पुढे नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीतून तालाची गिटार ऐकू यावी म्हणून अंगे वाढत गेली. १९३० च्या दशकाच्या मध्यात एल-५ स्वतःच १७ इंचांची झाली, गिब्सनच्याच १९३४ च्या सुपर ४०० ने १८ इंच गाठले आणि बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्गने तर १९ इंचांपर्यंत मजल मारली. काउंट बेसी यांच्या बँडमधले फ्रेडी ग्रीन ही स्ट्रॉमबर्ग वाजवत, तीही तारा फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, भलत्याच उंच ठेवून, आणि विजेच्या मदतीशिवाय. त्यांच्या बोटांचे काय होत असेल याचा विचार करवत नाही, पण ध्वनिमुद्रणांत तो ताल आजही ठसठशीत ऐकू येतो.

पिकअप आले आणि या वाढीचे कारणच संपले. गिब्सनच्या १९३६ च्या ईएस-१५० ने गिटारीला विजेचा गळा दिला, आणि १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चनने त्या गळ्यातून काय काय निघू शकते हे दाखवून दिले. १९४२ मध्ये तो गेला तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. आता आवाज स्पीकर काढणार असेल तर अंग मोठे कशाला हवे, असा साधा सवाल खरे तर त्याच वेळी कोणी तरी विचारायला हवा होता. पण वाद्यांच्या बाबतीत सवय ही कारणापेक्षा चिवट असते, आणि पुढची अनेक वर्षे मोठी अंगे बनत राहिली.

या सवालाचे पहिले समंजस उत्तर म्हणजे गिब्सनची १९४९ ची ईएस-१७५. सुमारे सोळा इंच रुंद, एका बाजूला टोकदार खाच, म्हणजे डावा हात वरच्या फ्रेटपर्यंत सहज जाईल. आणि वरची फळी कोरीव स्प्रूस लाकडाची नव्हे, तर मेपल लाकडाचे पातळ थर चिकटवून साच्यात दाबलेली. तेव्हाची किंमत १७५ डॉलर होती आणि तोच आकडा तिच्या नावात बसला. थरांची फळी ही काटकसर होती हे उघड आहे, पण त्या काटकसरीतून एक गुण निघाला. अशी फळी ताठ असते, स्पीकरच्या आवाजाने सहजासहजी थरथरत नाही, आणि तिच्यातून निघणारा स्वर लवकर उमटून लवकर मावळतो. जॅझच्या वेगवान ओळींना हेच हवे होते, कारण मागचा स्वर पुढच्याच्या पायात येत नाही. जो पास, जिम हॉल, हर्ब एलिस, पुढे पॅट मेथेनी, इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या वादकांनी हीच गिटार हाती धरली, याचे श्रेय मी त्या स्वस्त फळीला देतो.

माझ्या एका पुणेकर मित्राकडे जुनी १७५ आहे आणि तो ती वाजवायला देतो, हा त्याचा मोठेपणा. तिला अ‍ॅम्प्लिफायर न जोडता वाजवण्यात मला विशेष सुख वाटते. बारा नंबरच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेढ्याच्या तारा, त्यांवरून बोट सरकताना चर्रकन आवाज होत नाही. पिक, म्हणजे तार छेडायची टिकली, तारेवर पडतो तेव्हा आधी लाकडावर टिचकी मारल्यासारखा एक कोरडा ‘ठक्’ येतो आणि त्याच्या मागून स्वर येतो. जिम हॉल अ‍ॅम्प्लिफायर इतका हळू ठेवत की तारेचा मूळ आवाज आणि स्पीकरचा आवाज एकमेकांत मिसळत. तो ‘ठक्’ ऐकला की त्यांनी तसे का केले असावे हे आपोआप कळते. सहाव्या तारेवर खालचा जी हा स्वर दाबून वाजवला तर गिटारीची पाठ बरगड्यांना हलकेच थरथर देते. हा स्वर श्रोत्याच्या वाट्याला जसा येतो तसा येवो, वादकाला तो दोनदा मिळतो, एकदा कानाने आणि एकदा छातीने.

माझी स्वतःची गिटार आयबानेझची जीबी-१०, जॅझवादक जॉर्ज बेन्सन यांच्यासाठी जपानमध्ये घडवलेली. हे मॉडेल १९७७ मध्ये आले आणि अजून बनते. बेन्सन तोवर मोठ्या सभागृहांत, मोठ्या आवाजात वाजवू लागले होते, आणि तिथे मोठ्या पोकळ गिटारी दगा देत. म्हणून जीबी-१० चे अंग पंधरा इंचांच्या आत आणले गेले, पण जाडी जवळपास १७५ इतकीच ठेवली. आणि पिकअप फळीत मोठी खिडकी कापून न बसवता तरंगते ठेवले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. अंग पोटाशी तेवढेच भरीव लागते, बरगड्यांना मिळणारी थरथर पुष्कळशी शाबूत राहते, पण कोपर खाली उतरते. हात काठावरून लोंबकळत नाही, तर तारांना जवळजवळ समांतर येतो. पिक धरण्याचा कोन त्यामुळे आपसूक बदलतो. बेन्सन स्वतः अंगठा मागे वाकवून पिक उलट्या कलाने धरतात, आणि त्या पकडीची नक्कल मोठ्या गिटारीवर करताना माझे मनगट आढेवेढे घेते. छोट्या अंगावर ते निदान वाटाघाटीला तयार होते.

दोन्ही गिटारी एकाच दुपारी, एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वाजवल्या तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला फरक सांगता येईलच असे नाही. टोनचे बटण थोडे मागे घेतले की दोन्ही सारख्याच मऊ आणि गोल बोलतात. फरक पडतो तो वाजवण्यात. १७५ वर मी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, जास्त धरतो, खालच्या तारांवर रेंगाळतो, दोन ओळींच्या मध्ये थांबतो. जीबी-१० वर हात चपळ होतो आणि ओळी लांबत जातात, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. पोकळीतली हवा कमी झाली की तिचा नैसर्गिक अनुनाद वरच्या स्वराकडे सरकतो, आणि त्यामुळे खालचे स्वर किंचित सडसडीत होतात, हे त्यामागचे एक कारण असावे. जो स्वर भरदार उत्तर देत नाही तिथे हात थांबत नाही. वादकाच्या शैलीतला काही भाग अशा रीतीने सुताराच्या पट्टीने ठरवलेला असतो, आणि ते मान्य करायला आम्हा वाजवणाऱ्यांना थोडे जड जाते.

गिब्सनने याच प्रश्नाचे नेमके उलटे उत्तर १९५५ मध्ये दिले होते. बिली बर्ड आणि हँक गारलँड या दोन वादकांच्या नावांवरून बेतलेल्या बर्डलँडमध्ये रुंदी एल-५ सारखी १७ इंचच राहिली, जाडी मात्र सव्वादोन इंचांवर आणली, आणि तारेची बोलती लांबी साडेतेवीस इंचांपर्यंत आखूड केली. ज्या कॉर्डसाठी बोटे ताणावी लागतात त्या तिच्यावर हाताखाली येतात हे खरे, पण आखूड तार तेवढ्याच स्वरात सैल लागते. जाड तारा चढवून तो सैलपणा भरून काढता येतो, आणि मग बोटांचा वाचलेला त्रास पुन्हा बोटांच्याच खाती जमा होतो. जाडी कमी केली की खांद्याला आराम मिळतो, रुंदी कमी केली की कोपराला. आणि दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी डोळे झाकून रुंदी कमी करीन, कारण जाडी गेली की तो लाकडी ‘ठक्’ही बराचसा जातो. १९५० च्या ईएस-१४० ने तर रुंदी आणि तार दोन्ही एकदम आटवल्या होत्या, पावणेतेरा इंचांचे अंग आणि पावणेतेवीस इंचांची तार. लहान हातांसाठी ती उत्तम, पण प्रौढ माणसाच्या बोटांची वरच्या फ्रेटवर दाटी होते.

मोठ्या अंगाच्या दग्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारीच्या फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, तारा पिकअपला खबर देतात आणि पिकअप तोच आवाज पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. या चक्राला वेग आला की सहाव्या तारेवरच्या जी किंवा ए च्या आसपास एक हंबरडा सुरू होतो आणि तो वादकाचे काहीही ऐकत नाही. लहान अंगाने आणि ताठ फळीने हा हंबरडा पुढे ढकलला जातो, थांबत नाही. ड्रमर उत्साही असेल तर लहान आर्चटॉपही शेवटी हंबरतेच, आणि मग अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठ न करता तिरके बसणे, एफच्या भोकांत फोम कोंबणे असे घरगुती इलाज सुरू होतात. फोम कोंबलेली आर्चटॉप मला बघवत नाही; पोकळी बुजवायचीच होती तर भरीव गिटार काय वाईट होती?

आपल्याकडचा पावसाळा ही या तुलनेतली आणखी एक बाजू आहे. गोव्यातल्या एका ज्येष्ठ वादकांकडे कोरीव स्प्रूसची १७ इंची गिटार आहे. जून उलटला की तिची फळी दमट हवा पिऊन फुगते, तिच्याबरोबर घोडी वर उचलली जाते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. आर्चटॉपच्या घोडीला दोन बाजूंना पितळी चाके असतात. ते काका बोलता बोलता तारा थोड्या सैल करतात, चाके अर्धा-पाऊण फेरा खाली घेतात, घोडी फळीला चिकटवलेली नसल्यामुळे ती जागची हलली तर नाही ना हे बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर, आणि दाबलेला स्वर जुळवून पाहतात, आणि मग दिवाळीनंतर हीच चाके उलटी फिरतात. मित्राच्या १७५ ला यातले फारसे काही लागत नाही. तिची थरांची फळी पावसाला दाद देत नाही. कोरीव फळीचा स्वर अधिक मोकळा आणि श्रीमंत असतो यात वाद नाही, पण कोकणपट्टीत राहणाऱ्याने त्या श्रीमंतीचा वार्षिक देखभाल खर्च आधी मोजावा.

मोठ्या अंगाची बाजूही कोणी तरी मांडायला हवी, आणि ती मांडण्यासाठी मला आपल्याच मैफलीतले उदाहरण सुचते. पंडित ब्रिजभूषण काब्रा ज्या गिटारीवर राग वाजवत, ती गिब्सनची सुपर ४०० होती, म्हणजे आर्चटॉपमधली १८ इंचांची महाकाय. तिच्या तारा वर उचलून घेतल्या होत्या आणि ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पट्टी सरकवत ते वाजवत. ईएस-१७५ च्या नावातल्या एस या अक्षराचा अर्थ स्पॅनिश, म्हणजे छातीशी उभी धरायची गिटार. मांडीवर आडवी घ्यायची ती हवाईयन. आडवी ठेवली की काठावरून हात टाकावा लागत नाही, खांदा चढत नाही, कोपर मोकळे राहते. तक्रारीला जागाच उरत नाही आणि मोठ्या पोकळीचा सगळा गाज पदरात पडतो. मींडेत स्वर जितका वेळ जिवंत राहील तितका हवाच असतो, त्यामुळे कोरीव मोठी फळी तिथे शोभून दिसते. बेन्सन यांच्या अडचणी काब्रांना नव्हत्या आणि काब्रांची गरज बेन्सन यांना नव्हती.

या गिटारी आपल्याकडच्या दुकानांत शेजारी शेजारी टांगलेल्या सहसा सापडत नाहीत. परदेशातून मागवायची तर सीमाशुल्क भरायचे आणि हाती येईपर्यंत कोपराला विचारायची सोय नाही. त्यामुळे तुलना होते ती मित्रांच्या घरी, चहाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये, आणि ती करताना प्रत्येक जण आपल्या गिटारीच्या बाजूने थोडे खोटे बोलतो. मित्राला हल्ली उजव्या खांद्याचा त्रास होऊ लागला आहे, आणि त्याने काही महिन्यांसाठी अदलाबदलीचा प्रस्ताव मांडला आहे. मी होकार दिला आहे, फक्त त्याच्या तारा जाड आणि माझ्या पातळ असल्याने त्या बदलायच्या की नाहीत यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.