तारीख न घातलेला मेसेज

फेब्रुवारी २०१८. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी मेसेज टाइप केला होता: ‘अर्जंट. माझ्या वडिलांना ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे. प्लेटलेट्सही लागतील.’ खाली हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड आणि माझा नंबर. तारीख घालायचं सुचलंच नाही. त्या रात्री उद्यापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

ओ निगेटिव्ह माणसाला ओ निगेटिव्हच रक्त चालतं आणि असे दाते आपल्याकडे फार थोडे. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, माणूसच शोधावा लागतो. माझ्या चुलतभावानं मेसेज सगळीकडे पाठवला. सकाळी सातला तासगावहून एक शिक्षक आले, मग जयसिंगपूरची दोन मुलं. तिघंही अनोळखी. अण्णांना त्यानंतर एकोणीस दिवस मिळाले. त्या तिघांचे उपकार मी आयुष्यभर मानीन.

अण्णांच्या तेराव्याला पानं वाढत होतो आणि फोन वाजला. “ताई, रक्त पाहिजे होतं ना?” लातूरहून कुणीतरी विचारत होतं. मी “आता नको, दादा” एवढंच म्हणू शकले.

पुढे दोन वर्षं फोन येत राहिले. नागपूर, परभणी, एकदा मस्कतहून. नंबर बदल, असं घरचे म्हणायचे. पण फोन करणारा प्रत्येक माणूस रक्त द्यायला निघालेला होता, त्याला बंद नंबर लागावा हे मला पटेना. मधेच कुणीतरी मेसेजमध्ये ‘वडिलांना’ काढून ‘चार वर्षांच्या मुलीला’ घातलं, वर एका बाळाचा फोटो लावला. नंबर माझाच. लोक फोनवर रडवेल्या आवाजात विचारायचे, “बाळ कसं आहे?”

सगळ्यात जास्त लागलं ते इस्लामपूरच्या मुलाचं. तो फोन न करताच कामावर खाडा करून मोटारसायकलनं मिरजेला आला. वॉर्डात त्या नावाचा पेशंटच नाही म्हटल्यावर दोन तास थांबला आणि मग मला फोन केला. मी माफी मागितली. तो रागावला नाही. पण पुढच्या खऱ्या मेसेजला तो असाच निघेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

व्हॉट्सअॅपवर मेसेज पुढे गेला की मूळ तारीख मागे राहते. दिसते ती तुमच्याकडे तो आला तेव्हाची वेळ, त्यामुळे वर्षापूर्वीची गरज आत्ताचीच वाटते. मी माझा मेसेज पुसला असता तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहिल्या असत्या. फेसबुकवर मात्र एक सोय आहे: ‘शेअर’चं बटण दाबून पाठवलेली पोस्ट मूळ पोस्टीला बांधलेली असते. मी माझी पोस्ट काढली की तुमच्या भिंतीवरचा मजकूरही जातो. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, रक्ताची पोस्ट कॉपी-पेस्ट करू नका. ‘सगळ्यांना दिसावं म्हणून कॉपी केलं’ असं लोक प्रेमानं लिहितात, पण तिथेच तो धागा तुटतो.

बॉम्बे ब्लड ग्रुपचे मेसेज पाहिले की जास्तच धास्ती वाटते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गट पहिल्यांदा नोंदवला. त्या माणसांना फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. दाते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक जुन्या मेसेजमागे धावला तर?

आता मी आधी फोन करते. गरज खरी असेल तर मेसेजच्या पहिल्याच ओळीत तारीख आणि वेळ घालते: ‘आज सकाळी १०.२० ला नातेवाइकांशी बोलले.’ दोन दिवसांनी पुन्हा विचारते आणि जिथे जिथे पाठवलं तिथे ‘गरज पूर्ण झाली’ असं लिहिते.

गेल्या मंगळवारी सोसायटीच्या ग्रुपवर असाच एक मेसेज आला. फोन लावला. म्हातारा, दमलेला आवाज. “पोरी, नातू घरी येऊन महिना झाला. आज सकाळपासून अकरा फोन घेतले.” मी विचारलं, “काका, तुमच्या वतीनं लिहू का?” ते हो म्हणाले. पेशंट बरा होऊन घरी आलाय, कृपया फोन करू नका, असं तारखेसकट लिहून मी तो जुन्या मेसेजखालीच टाकला आणि ज्यांनी ज्यांनी तो पुढे पाठवला होता, त्यांना एकेकाला कळवलं.

गुरुवारी संध्याकाळी काकांचाच फोन आला. “आज दोनच आले,” म्हणाले.