कॅलेथियाच्या करपलेल्या कडा

कॅलेथिया या कुंडीत वाढवायच्या शोभेच्या झाडाची माकोयाना ही जात मी घरी आणली ती तिच्या पानांवर भाळून. फिकट हिरव्या पानावर गडद हिरवे लांबट ठिपके, आणि पान उलटून पाहिलं की तीच नक्षी जांभळट रंगात. तीन आठवडे सगळं छान चाललं. मग पानांची टोकं तपकिरी झाली आणि तो करपा कडेकडेनं पुढे सरकू लागला.

मला वाटलं, झाड तहानलंय. म्हणून रोज पाणी घालायला लागले. त्यानं कडा तर सुधारल्या नाहीतच, उलट खालची पानं पिवळी पडून लोळली. शेवटी झाड कुंडीतून उपसलं. निम्मी मुळं काळपट, मऊ, आणि कुबट वास. फार वाईट वाटलं, कारण हे माझ्याच हातून झालं होतं. सडका भाग कात्रीनं काढून टाकला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), थोडं गांडूळखत आणि कोळशाचा चुरा असं भुसभुशीत मिश्रण केलं आणि मुळं कमी उरली होती म्हणून आधीपेक्षा लहान कुंडी घेतली.

तेव्हा कुठे मी या झाडाचं मूळ घर शोधलं. पूर्व ब्राझीलच्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी ही वनस्पती, आरारूटच्या कुळातली. तिला ओलावा हवा असतो तो हवेत. मुळाशी चिखल तिला सोसत नाही. खोलीत आर्द्रतामापक ठेवला तर आकडा ३८ टक्के! या झाडाला निदान ६० तरी लागते.

पानांवर पाणी फवारून पाहिलं; थोड्याच वेळात आकडा होता तिथेच. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीनंही फारसा फरक पडला नाही, तरी ही युक्ती सगळीकडे का सांगतात कोण जाणे. खरा उपयोग झाला तो हवेत ओलावा सोडणाऱ्या छोट्या यंत्राचा, ह्युमिडिफायरचा. तो येईपर्यंत आजारी झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली होती, रोज थोडा वेळ उघडून हवा देत. एसीच्या झोतापासून कुंडी हलवली आणि खिडकीपासून चार-पाच फुटांवर, पडद्याआड ठेवली. थेट ऊन लागलं की नक्षी फिकी पडते.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. मातीवर पांढरी खपली धरत होती, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार साठत होते. या झाडाला ते बाधतात आणि पानांची टोकं करपतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो, पण क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात. तेव्हापासून साठवलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणीच घालते, तेही बोट खुपसून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच.

झाड सावरतंय हे मला कळलं ते संध्याकाळी. कॅलेथियाची पानं रात्री उभी राहतात आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. पान आणि देठ जुळतात तिथल्या फुगीर सांध्यात पेशींमधलं पाणी इकडून तिकडे सरकतं, त्यामुळे पान हलतं. आजारपणात माझ्या झाडाची ही हालचाल थांबल्यातच जमा होती. नव्या कुंडीतल्या पाचव्या आठवड्यात एका रात्री दिवा लावला तर चारही पानं हात जोडल्यासारखी उभी! मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले.

करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होत नाहीत. त्यांची वाट पाहू नका, नवीन पानांकडे पाहा. अधूनमधून पानांच्या पाठी तपासा. कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, बारीक जाळी दिसते. मी ओल्या फडक्यानं पानं पुसून ती वेळीच आवरली. आणि माहिती शोधताना गोएपर्टिया हे नावही घालून पाहा. २०१२ मध्ये कॅलेथियाच्या बऱ्याच जाती त्या प्रजातीत गेल्या, त्यात माकोयानाही आहे.

या वर्षी गड्डा भरला म्हणून दोन भाग केले, प्रत्येकाला मुळं आणि दोन-तीन पानं ठेवून. लहान भाग आठवडाभर रुसला. आज सकाळी त्याच्या मधोमध एक सुरळी वर आली आहे, आणि टोक अगदी स्वच्छ हिरवं आहे.